हाडाचा आवाज चरबीखाली असतो

बोन्स या हाडाच्या वाद्याची माझी पहिली जोडी अकरा दिवसांत तयार झाली होती. पांढरीशुभ्र, बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत. वाजवली तेव्हा मात्र ओल्या पुठ्ठ्यावर पुठ्ठा आपटावा तसा आवाज आला. पंधरा दिवसांनी तिच्यावर पिवळे, चिकट डाग उमटले आणि कारण कळलं. मी हाड वरून चकचकीत केलं होतं, आतली चरबी तशीच राहिली होती. दुसऱ्या जोडीला तीन महिने लागले. ती मी आजही रोज वाजवते. दोन्ही वेळी हत्यारं तीच होती, घासणंही तसंच होतं. वेगळे होते ते घासायला बसण्याआधीचे आठवडे. म्हणून इथे मी त्या आठवड्यांबद्दलच जास्त सांगणार आहे.

बोन्स म्हणजे किंचित वाक असलेल्या दोन पट्ट्या. एकाच हाताच्या बोटांच्या फटींत धरायच्या आणि मनगट फिरवून एकमेकींवर वाजवायच्या. कूळ चिपळ्यांचंच, पण इथे झांजा नाहीत, सगळा आवाज हाडावर हाड आपटण्याचा. वाद्य फार जुनं आहे. प्राचीन इजिप्तमधले, माणसाच्या हाताच्या आकारात कोरलेले हस्तिदंती टाळ आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. आयर्लंडच्या पारंपरिक संगीतात बौरान या डफासारख्या वाद्याच्या जोडीने बोन्स वाजतात. अमेरिकेत १८४३ साली व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स या चौघांच्या संचात फ्रँक ब्रॉवर बोन्स वाजवायचा. गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवायची, असा तो खेळ होता. या वाद्याच्या इतिहासातलं हे पान मला झाकून ठेवायचं नाही. पण विल्यम सिडनी माउंट याने १८५६ मध्ये रंगवलेलं ‘द बोन प्लेयर’ हे चित्रही आवर्जून पाहा. त्यातला कृष्णवर्णीय वादक दोन्ही हातांत बोन्स घेऊन वाजवतो आहे, आणि चित्रकाराने त्याला माणूस म्हणून रंगवलं आहे. पट्ट्या बोटांत नेमक्या कुठे बसतात हे मला पहिल्यांदा त्या चित्रावरून समजलं.

शिसवीसारख्या कठीण लाकडाचीही बोन्स करतात. हाताला सवय व्हावी म्हणून सुरुवात लाकडावर केलीत तर चांगलंच. पण हाडाचा आवाज हाडाचाच. तो कोरडा, टणक असतो आणि गाण्याच्या गर्दीतूनही वेगळा ऐकू येतो.

कोणती बरगडी

गुरांना बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. सगळ्या उपयोगाच्या नसतात. पुढच्या एकदोन आखूड आणि जवळजवळ सरळ, शेवटच्या अरुंद. मला लागतात त्या मधल्या, म्हणजे रुंद, चपट्या आणि सारखा वाक असलेल्या. शेळीमेंढीची बरगडी बारीक पडते. तिला बोटांत पकड मिळत नाही आणि आवाजही नुसता टिकटिक येतो.

खाटकाला आधीच सांगून ठेवा की बरगडी अखंड लांब हवी, तुकडे करायचे नाहीत आणि हाडावर सुरा मारायचा नाही. सुऱ्याच्या घावाची केसाएवढी चीर ओल्या हाडात दिसत नाही. वाळल्यावर ती उघडते, तोवर तुमचे दोन महिने गेलेले असतात. हाड कच्चंच घ्या. भाजलेल्या किंवा तळलेल्या मांसातलं हाड उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, त्याची कड हातातच तुटते. ज्या जनावराचं मांस कायद्याने उघड विकता येतं त्याचंच हाड वापरा. रानात सापडलेल्या सांगाड्याला हात लावू नका.

जोडी जमवताना माझी पहिली पसंती एकाच जनावराच्या, एकाच क्रमांकाच्या डाव्या आणि उजव्या बरगडीला असते. त्या एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब असतात. पोटाशी पोट, म्हणजे फुगीर बाजूला फुगीर बाजू, लावून धरल्या की वाक आपोआप जुळतो. तशा मिळाल्या नाहीत तर एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन घ्या आणि दोन्हींचा तुकडा सारख्याच उंचीवरून काढा. दोन बोन्ससाठी चार हाडं आणा. एखादं तडकतंच.

मांस, पडदा, चरबी

हातमोजे घाला, वेगळं भांडं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. आधी बोथट सुरीने मांस खरवडून काढा. धारदार सुरी हाडात रुतून ओरखडे पाडते. बरगडीचा २२-२३ सेंटीमीटरचा तुकडा कापा. तयार पट्टी १५ ते १८ सेंटीमीटरची होणार आहे, तरी दोन्हीकडे ही जास्तीची लांबी हवीच, कारण वाळताना पहिली चीर टोकांनाच जाते. कापल्यामुळे आणखी एक फायदा होतो. बरगडी आतून पोकळ नळी नसते, तिच्या आत जाळी असते आणि चरबी त्या जाळीत अडकलेली असते. टोकं उघडी झाली की तिला बाहेर यायला वाट मिळते.

आता गरम पाणी. इथेच बहुतेकांचा घात होतो, माझाही झाला होता. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, बाकीच्यात मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन आणि पाणी. खनिजामुळे हाड कडक होतं आणि कोलॅजनमुळे चिवट. जोराने उकळलं की कोलॅजनचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं आणि मागे खडूसारखं, भुसभुशीत हाड उरतं. प्रेशर कुकर तर मुळीच नको. पाणी ८० डिग्रीच्या आसपास ठेवा. तळातून बारीक बुडबुडे यावेत, पृष्ठभाग हलू नये. दोन ते तीन तास पुरतात. वर येणारी चरबी पळीने काढत राहा.

हाड त्याच पाण्यात कोमट होऊ द्या. गरम हाडावर गार पाणी ओतलं तर ते तडकतं. कोमट असतानाच त्याच्या अंगावरचा पातळ, चिवट पडदा सोलून काढा. गार झाला की तो चामड्यासारखा चिकटून बसतो. लाकडी उलथन्याची कड यासाठी उत्तम. एका टोकाला नखाने पडदा सोडवायचा आणि मग लांबीच्या दिशेने ओढत जायचं. कडांच्या खोबणीत तो लपून राहतो, तिथे जुना दातांचा ब्रश फिरवा.

इथवर एक दिवस जातो. पुढचे चार ते सहा आठवडे हाड नुसतं पाण्यात पडून असतं.

झाकणाच्या बरणीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायचा लिक्विड साबण चमचाभर, आणि त्यात हाडं. पाणी ४० डिग्रीच्या आसपास राहिलं तर काम भराभर होतं. मी बरणी एका मोठ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवते आणि दिवसातून दोनदा ते पाणी बदलते. बरणीतलं साबणाचं पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं. पहिल्या आठवड्यात ते दुधट होतं, वर तवंग येतो. तिसऱ्या आठवड्यात तवंग दिसेनासा होतो आणि वाटतं, झालं. तेव्हा थांबू नका. हाड बाहेर काढून दोन दिवस वाळवा आणि खिडकीच्या उजेडात धरा. जिथे चरबी आहे तिथे पिवळसर, तेलकट कागदासारखा अर्धपारदर्शक डाग दिसेल. मग टिश्यू पेपरमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग असेल तर हाड पुन्हा साबणात घाला.

कानानेही परीक्षा होते. दर आठवड्याला मी प्रत्येक हाड टोकापासून साधारण पाव अंतरावर दोन बोटांत सैल लटकवते आणि मध्यावर पेन्सिलीने टकटक करते. सुरुवातीला थप्प असा आवाज येतो. आठवड्यागणिक तो उघडत जातो. चौथ्या आठवड्यात एका हाडातून पहिल्यांदा ‘टण्’ ऐकू आलं तेव्हा मी बाकीची तीनही बरणीतून काढून एकेक वाजवून पाहिली होती. त्यांना अजून वेळ होता.

पांढरं करायचं की नाही, हा आवडीचा प्रश्न. आवाजावर त्याचा परिणाम होत नाही. मला हाडाचा मूळचा सायीसारखा रंग आवडतो, म्हणून मी करत नाही. करायचं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. हातमोजे घालून हाड त्यात एक दिवस बुडवून ठेवा. झाकण सैल असू द्या, कारण आत वायू तयार होतो. कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच मात्र कधीही नको. ते कोलॅजन खातं, आणि धुतल्यावरही आत राहिलेला अंश हाड पोखरत राहतो. आज सुंदर दिसणारी पट्टी काही महिन्यांनी हाताला पिठासारखी लागते.

वाळवणं

सावलीत, हवेशीर जागी, दोऱ्याने लटकवून. उन्हात ठेवलंत तर बाहेरची भिंत आधी आकसते, आतली जाळी ओलीच राहते आणि हाड लांबीच्या दिशेने उभं फाटतं. किती दिवस लागतील हे मी दिवस मोजून ठरवत नाही, वजनावर ठरवते. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून हाडावर पेन्सिलीने लिहिते. लागोपाठ दोन आठवडे आकडा बदलला नाही की हाड वाळलं. माझ्याकडे याला साधारण महिना ते सव्वा महिना लागतो.

कापणं आणि घासणं

लांबी तुमच्या हातावरून ठरवा. माझा हात मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६ सेंटीमीटर आहे आणि माझी बोन्सही १६ चीच आहेत. हात मोठा असेल तर १७-१८ करा. रुंदी अडीच ते तीन सेंटीमीटर, जाडी ६ ते ९ मिलिमीटर. पट्टी टेबलावर पालथी ठेवली की मध्याखाली ८-१० मिलिमीटरची कमान दिसावी. याहून जास्त वाक असेल तर पट्टी मुठीत मावत नाही, फारच कमी असेल तर दोघी एकमेकींना चिकटून बसतात.

जाड कागदाचा नमुना कापा, हाडावर ठेवून आखा आणि बारीक दातांच्या हॅक्सॉने कापा. हाड पकडून ठेवणाऱ्या व्हाइसच्या जबड्यांत कापडाच्या घड्या घाला, आणि हाड फुटेल इतकं आवळू नका. करवत सावकाश चालवा. जळालेल्या केसांसारखा वास आला तर हाड तापतंय, थांबा.

हाडाची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. एन-९५ मास्क घाला, काम उघड्यावर करा आणि घासताना शक्य तितकं पाणी वापरा. मी पॉलिशपेपर नेहमी ओला करूनच वापरते. धूळ उडत नाही, चिखल होतो, तो पुसून टाकता येतो. पाण्याने हाड थोडं फुगतं, म्हणून काम झाल्यावर पुन्हा आठवडाभर सावलीत ठेवते.

कानस हातात घेताना एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा. आवाज देणारी घट्ट भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड आहे. तिच्या आत जाळी. उत्साहात कानस मारत गेलात आणि वरच्या अंगाला बारीक छिद्रं दिसायला लागली, तर त्या जागी ती पट्टी कायमची मुकी झाली. म्हणून फुगीर बाजूला, म्हणजे जिथे ठोका पडणार आहे तिथे, फक्त उंचवटे काढा. आकार द्यायचा तो कडांना आणि टोकांना. कडा अशा गोल करा की बोटांच्या बेचक्यात रुतणार नाहीत. अर्धा तास वाजवल्यावर बेचक्यात लाल रेघ उठली तर कड अजून तीक्ष्ण आहे.

टोकांना जाळी उघडी दिसते. टोकदार खिळ्याने तीन-चार मिलिमीटर आत कोरा, भुकटी झटका आणि ती पोकळी एपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, भरा. दुसऱ्या दिवशी टोक कानसीने अर्धगोल करा. भरली नाहीत तर घाम आणि मळ त्या वाटेने आत शिरतो आणि आधी काढलेल्या चरबीची जागा घेतो.

आता दोन्ही पट्ट्या पोटाशी पोट लावून खिडकीसमोर धरा. त्या एकाच ठिकाणी टेकल्या पाहिजेत आणि तिथून दोन्ही टोकांकडे उजेडाची फट रुंद होत गेली पाहिजे. लांबवर टेकत असतील तर आवाज चपटा येतो, थप्पड मारल्यासारखा. नेमकं कुठे टेकतंय ते पाहायला एका पट्टीचं पोट पेन्सिलीने काळं करा, दुसरीवर चारपाच ठोके मारा आणि दुसरीवर उमटलेला डाग पाहा. तो शेंगदाण्याएवढा हवा. पसरट असेल तर डागाच्या बाजूची जागा २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच उतरवा, पुन्हा काळं करा, पुन्हा ठोका. मला एका जोडीला हे वीसेक वेळा करावं लागतं, आणि सगळ्या कामात मला हीच पायरी सर्वांत प्रिय आहे, कारण इथे प्रत्येक फेरीला आवाज बदलताना ऐकू येतो.

स्वर चढवायचा किंवा उतरवायचा असेल तर नियम दोनच. लांबी कमी केली की आवाज चढतो, जाडी कमी केली की उतरतो. लांबीचा परिणाम वर्गाच्या हिशेबाने होतो. म्हणजे १६ सेंटीमीटरची पट्टी १५ ची केली की साधारण एक पूर्ण स्वर वर जाते. म्हणून टोकाकडून एकदम कापू नका, एकेक मिलिमीटर घासा आणि ऐका. दोन्ही पट्ट्या अगदी एका स्वरात असाव्यात असं काही वादक म्हणतात. मला तसं वाटत नाही. किंचित फरक असला की ठोक्याला अंग येतं. माझ्या जोडीतली वाजवताना स्थिर राहणारी पट्टी ३६ ग्रॅमची आहे, हलणारी ३३ ग्रॅमची, आणि हलकी पट्टी हलणारी ठेवल्याने बोटही थकत नाही.

शेवटचं घासणं १२०, २२०, ४००, ६०० या क्रमाने. प्रत्येक कागदाच्या वेळी मागच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढे जाऊ नका. मग ओल्या सुती कापडावर खडूची बारीक पूड घेऊन चोळा. हाडाला जी मंद चकाकी येते ती कुठल्याही वार्निशने येत नाही. वार्निश लावूच नका, ठोक्याच्या जागी ते कपच्या होऊन निघतं. तेलही नको. इतके आठवडे खपून चरबी काढली आणि शेवटी हाडाला पुन्हा तेल पाजायचं, याला अर्थ नाही. मधमाश्यांचं मेण कापडाला किंचित लावून एकदा फिरवलं तर पुरे, तेही बोटं घसरत असतील तरच.

हातात घेताना

पहिली पट्टी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, तिची कड अंगठ्याच्या मुळाशी टेकलेली. ही हलणार नाही. दुसरी मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या फटीत, सैल. अनामिकेचं टोक तिला फक्त पडू देत नाही. दोन्हींची फुगीर पोटं एकमेकींकडे, बोटांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटर टोक. मूठ हलकी, कोपर अंगापासून थोडं दूर. आता कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवा आणि झटकन परत आणा. हात ज्या क्षणी दिशा बदलतो त्या क्षणी ठोका पडतो. बोटांनी पट्टी आपटायचा प्रयत्न केलात की आवाज मरतो.

आधी विलंबित लयीत एका मात्रेला एक ठोका. तो स्वच्छ आला की जाताना एक, येताना एक. त्यानंतर हलणारी पट्टी जराशी सैल सोडली की उसळीने तिसरा ठोका आपोआप मिळतो आणि मात्रेत तीन बसतात. हा तिहेरी ठोका म्हणजे बोन्सचा प्राण. मला तो यायला सात आठवडे लागले, रोज वीस मिनिटं. ऐकण्यासाठी ब्रदर बोन्स या वादकाचं ‘स्वीट जॉर्जिया ब्राऊन’ शोधा. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघाची ती ओळखधून आहे. त्यात शिट्टीच्या खाली सतत जे कडकडतं, ती बोन्स.

ठोका बोथट येत असेल तर आधी पकड तपासा, बहुतेक वेळा अनामिका जास्त आवळलेली असते. पकड बरोबर असूनही बोथट येत असेल तर पोट पेन्सिलीने काळं करून टेकण्याची जागा पुन्हा तपासा. महिनाभर छान वाजून मग आवाज बसायला लागला आणि पट्टी उजेडात कुठे पिवळी दिसली, तर आत राहिलेली चरबी वर आली आहे. पट्टी टाकून देऊ नका. एका टोकाचं एपॉक्सी कोरून काढा, पुन्हा साबणाच्या कोमट पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवा, वाळवा, टोक भरा. माझ्या त्या अकरा दिवसांच्या जोडीला मी तीन वर्षांनी असंच पाण्यात घातलं. आता ती डाव्या हातात असते.